आंबोली आणि एक कागद

माझ्या वडिलांनी आंबोली हजार वेळा तरी ओलांडली असेल, पण त्यांनी ती कधी पाहिलेली नाही. वेंगुर्ल्याला मासळीच्या गाड्या भरायच्या, बर्फ घालायचा, वर ताडपत्री आवळायची आणि त्याच गाडीतून रात्री बेळगावला जाऊन माल उतरवायचा, हे त्यांचे वीस वर्षांचे काम. घाट चढून गाडी माथ्यावर आली की ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, सगळे चहा पितात आणि पुढे निघतात. त्या वेळी तिथे असतो तो काळोख आणि धुके. दिवाळीच्या सुटीत मी आंबोलीला जाते म्हटल्यावर ते म्हणाले, "थंयसर थंडी आसता आणि चाय बरी गावता. दुसरा काय बघूचा?"

आंबोली हे माझे आजोळ. लहानपणी आईच्या बोटाला धरून दोनदा गेले होते, परंतु त्या वेळचे आठवते ते एवढेच की, मामीने अंगावर टाकलेली गोधडी ओलसर होती आणि अंगणात बेडूक इतके होते की मी पायरी उतरायला तयार नव्हते. यंदा जाण्याला निमित्त झाले ते आमच्या इतिहासाच्या सरांचे. सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी ते वर्गात म्हणाले, "रायगड पाहिलेले हात वर करा." पाचसहा हात वर आले. मग म्हणाले, "आपल्या घरापासून सर्वांत जवळचा गड पाहिलेले हात वर करा." कोणीच हात वर केला नाही. सर पुढे काही बोलले नाहीत. फळा पुसून निघून गेले. सरांचे न बोलणे हे बोलण्यापेक्षा जास्त लागते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच.

सावंतवाडीहून आंबोली तीस किलोमीटरांच्या आसपास आहे. दाणोलीपर्यंत रस्ता आपला कोकणातलाच वाटतो. माड, पोफळी, कौलारू घरे, पुढे साटम महाराजांचे समाधिमंदिर. तिथून एस.टी. घाटाला लागते आणि अर्ध्याएक तासात माड मागे राहतात. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी एका वळणावर पिशवीतून स्वेटर काढून अंगात घातला. बाहेर तर ऊन होते. मी हसले. पुढच्या तीन वळणांनंतर मी ओढणी कानाभोवती गुंडाळून घेतली, तेव्हा त्या हसल्या.

आंबोलीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर. पाऊस मात्र असा, की वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या घरात जातो. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत तिचे नाव येते. पावसाळ्यात कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा या तिन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागते. लोक धबधब्याखाली भिजतात, कणसे आणि भजी खातात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांतली काही कणसे आमच्या मामांनी भाजलेली असतात. जून ते सप्टेंबर धबधब्याजवळ शेगडी, आणि उरलेले आठ महिने मिळेल ते काम, हा त्यांचा संसार. दिवाळीच्या सुमारास धबधबा बारीक झालेला असतो, गाड्या कमी झालेल्या असतात आणि गाव गावासारखे दिसू लागते. मला तेच पाहायचे होते.

पहिले दोन दिवस पाहुणचारात गेले. मामीने नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी करून घातली, आईची चौकशी केली, आणि "बी.ए. म्हंजे मगे काय?" असे तीनदा विचारले. तिन्ही वेळा मी निरनिराळे उत्तर दिले आणि एकही तिला पटले नाही. (मलाही पटले नव्हते, पण ते असो.)

दुसऱ्या दिवशी हिरण्यकेशीला गेलो. आंबोलीला येणारा प्रत्येक जण तिथे जातोच, म्हणून मी वर्णन लांबवत नाही. रानातली पायवाट, कपारीत शंकराचे मंदिर, आणि मंदिराच्या मागच्या गुहेतून बाहेर येणारे पाणी. हीच हिरण्यकेशी नदी. तिची एक गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. या माथ्यावरून पश्चिमेला उतरलेले पाणी थोड्या अंतरात आमच्या अरबी समुद्राला मिळते. पण हिरण्यकेशी पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लज करीत ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. समुद्र उशाशी असताना सबंध देश ओलांडून दुसऱ्या समुद्राला जाणारी ही नदी पाहून मला आमच्या वाडीतली मुंबईला गेलेली मुले आठवली.

मंदिरासमोरच्या कुंडात लहान लहान मासे आहेत. २०२० मध्ये अभ्यासकांनी त्यांतली एक जात शास्त्राला नवी असल्याचे दाखवले आणि तिला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ही जागा राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्याआधी २००९ मध्ये इथल्या एका बेडकाच्या जातीला आंबोलीचेच नाव मिळाले होते. ज्या बेडकांना भिऊन मी पायरीवर रडत बसले होते, त्यांतला एखादा तो असेलही! मामेभाऊ सांगत होता की, कुंडातले मासे देवाचे म्हणून गावात कोणी धरीत नसे. आमच्या मासळीच्या घरात वाढलेल्या मला ही कल्पना जरा जड गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी महादेवगडावर गेलो. गड म्हणून जे डोळ्यांसमोर येते, त्यातले तिथे फारच थोडे उरले आहे. सहलीला येणारे लोक त्याला 'महादेवगड पॉइंट' म्हणतात आणि खरोखर आता तो पॉइंटच आहे. कड्याच्या टोकापर्यंत जायचे, दरी पाहायची आणि फोटो काढायचे. सात वाजता आम्ही पोचलो तेव्हा दरीत धुके काठोकाठ भरले होते. भाऊ म्हणाला, "रव वायच." अर्धा तास आम्ही तसेच बसून राहिलो. मग धुके खालून विरू लागले आणि त्यातून आधी दोन काळे माथे वर आले, एक रुंद आणि एक अरुंद, मधे खोल खाच. मनोहरगड आणि मनसंतोषगड. अलीकडे नारायणगड. भावाला तिन्ही नावे तोंडपाठ होती. तो आय.टी.आय. करून घरी बसलेला; इतिहासाचे पुस्तक त्याने दहावीनंतर हातात धरलेले नाही. मी इतिहास विषय घेऊन दुसऱ्या वर्षात आलेली, आणि मला यातले एकही नाव त्या डोंगराशी जुळवता आले नसते.

मनोहरगडाविषयी सरांनी नंतर जे सांगितले ते इथेच लिहिते. आग्र्याहून सुटून आल्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १६६७ मध्ये, बहलोलखानाने रांगण्याला घातलेला वेढा शिवाजी महाराजांनी उठवला आणि त्यानंतर मे-जून महिन्यांत ते या मनोहरगडावर मुक्कामाला होते. मे-जून म्हणजे आमच्याकडे आंबे संपून पाऊस सुरू होण्याचे दिवस. राज्याभिषेकाला अजून सात वर्षे होती. आम्ही चौथीपासून महाराजांचा इतिहास शिकतो. आग्रा आम्हांला ठाऊक असते, पेटारे ठाऊक असतात. पण महाराज एक उन्हाळा आमच्या डोंगरात राहिले होते हे आमच्या पोरांना कोणी सांगितलेले नसते.

त्याच गडाची दुसरी गोष्ट पावणेदोनशे वर्षांनंतरची. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचा उठाव झाला. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करणारे लोक. त्या चाकरीबद्दल त्यांच्याकडे जमिनी असत. कोल्हापूरचा कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडिताच्या हाती आला, जमिनीची आणि वसुलीची जुनी रीत बदलली, आणि आपल्या जमिनी आता जाणार असे गडकऱ्यांना वाटले. सामानगडावर ठिणगी पडली ती सावंतवाडीपर्यंत आली. तांबुळीचे फोंड सावंत आणि त्यांचे मुलगे उठले आणि मनोहर-मनसंतोष हे त्यांचे बळकट ठाणे झाले. १८४५ च्या सुरुवातीला इंग्रजांनी औट्रम या अधिकाऱ्याच्या हाताखाली फौज आणून हे गड घेतले. उठावातले पुष्कळ लोक गोव्याच्या हद्दीत निसटले.

गड जवळ दिसतो म्हणून आंबोलीहून उडी मारून जाता येत नाही. पुन्हा घाट उतरायचा, शिरशिंग्याला जायचे आणि तिथून चढायचे. चौथ्या दिवशी भाऊ मला मोटारसायकलवरून घेऊन गेला. मामी नको म्हणत होती. तरण्याताठ्या मुलीने रानात कशाला जायचे, हा तिचा प्रश्न, मामा म्हणाले, "ती अभ्यासाक जाता." अभ्यास या शब्दाला आमच्या घरांत केवढे वजन आहे हे मला त्या दिवशी कळले. तो शब्द उच्चारला की दारे उघडतात. त्याचा मान राखणे आपल्याला झेपेल का, अशी शंका मला वाटेवर बराच वेळ येत होती.

चढण रानातून आहे. कारवीच्या दाटीत खालचा गाव दिसेनासा होतो, नुसता कोंबड्याचा आवाज येत राहतो. दीडदोन तासांनी कातळ लागला. वर जाणाऱ्या पायऱ्या मोडक्या आहेत. भाऊ पुढे होऊन हात देत होता. वर दगडी तटाचे अवशेष, पडलेले चौथरे, पाण्याची जागा, देवीचे लहानसे ठाणे. चौथऱ्यांवर झाडे उगवलेली. मी वहीत लिहून घ्यायला बसले आणि काय लिहावे ते कळेना. पुस्तकात वाचताना गड म्हणजे एक नाव आणि एक साल असते. तिथे बसल्यावर मला भलतेच प्रश्न पडले. इथे तांदूळ कुठून येत असे? पावसात हे लोक काय पांघरीत? गड पडला त्या दिवशी चुलीवर काय होते? पलीकडे मनसंतोष हाताच्या अंतरावर दिसत होता, पण मधली वाट तुटलेली. तिकडे साध्या माणसाने जाऊ नये. आम्ही गेलो नाही. डबा उघडून भाकरी खाल्ली आणि उतरलो.

खरे म्हणजे माझा लेख इथे संपायचा. सरांना द्यायचे टिपण मी त्या रात्री मामांच्या पडवीत बसून लिहायलाही घेतले होते. परंतु मामा आत गेले, खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला, आणि ते एक प्लास्टिकची पिशवी घेऊन बाहेर आले. पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात फडके, फडक्यात घडी घातलेला एक कागद.

"बाये, तू कॉलेजात जातस मां? मगे ह्या वाच बघूया."

आंबोलीच्या जमिनीचा प्रश्न ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आंबोली, गेळे आणि चौकूळ या तीन गावांची पुष्कळशी जमीन सावंतवाडी संस्थानच्या काळापासून 'कबुलायतदार गावकर' या नावाने होती. म्हणजे एकेका माणसाच्या नावाने नाही. गावकऱ्यांनी मिळून संस्थानाला कबुलायत लिहून द्यायची, सारा भरायचा आणि जमीन आपसांत कसायची. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पण नोंद चालू राहिली. १९९९ साली सातबाऱ्यावरचे ते नाव जाऊन तिथे महाराष्ट्र शासन असे लागले. तेव्हापासून ही जमीन गावकऱ्यांना कशी आणि कोणाकोणाला वाटून द्यायची याची चर्चा, बैठका आणि निर्णय चालले आहेत. गडकऱ्यांच्या उठावाविषयी वाचताना मला या सातबाऱ्याची आठवण आल्यावाचून राहिली नाही. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. पण जमिनीच्या जुन्या तोंडी समजुती आणि वहीत होणारी नवी नोंद यांच्यामध्ये माणसे सापडतात, हे दोन्हीकडे आहे.

मामांच्या घरी अशी समजूत होती की, आपल्या पणजोबांनी लिहून दिलेली कबुलायत म्हणजे हाच कागद. मामांच्या आजोबांनी तो मुलाला दिला, मुलाने मामांना. घराला एकदा आग लागली तेव्हा आजीने आधी गाय सोडली आणि मग ही ट्रंक बाहेर काढली, असे आई सांगते. तीन पिढ्यांत कोणी तो वाचला नव्हता, कारण वाचणारेच कोणी नव्हते. आता घरात कॉलेजात जाणारी एक भाची निघाली होती.

मी कागद उलगडला. पिवळा पडलेला, जाड, एका कोपऱ्यापासून आत बराच फाटलेला. वरपासून खालपर्यंत एका रेघेला टांगल्यासारखी अक्षरे, एकमेकांत गुंतलेली, कुठे शब्द संपतो आणि कुठे सुरू होतो याचा पत्ता नाही.

"मामा, ह्यां मोडी आसा. माका वाचूक येणा नाय."

"मराठी न्हय ती?"

"मराठीच. पण अक्षर येगळा."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी घडी घालायला घेतली. तेव्हा मी मोबाइलवर त्याचे फोटो काढून घेतले आणि सरांना दाखवते म्हणाले. मामीने विचारलेल्या "बी.ए. म्हंजे मगे काय?" या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी फारच वाईट दिसत होते.

सुटी संपल्यावर सरांना फोटो दाखवले. त्यांना मोडी येते. मला वाटले होते, ते पाच मिनिटांत वाचून सांगतील. त्यांनी फोटो बघितले, माझ्याकडे बघितले आणि ग्रंथालयातून मोडीचे एक जुने पुस्तक काढून दिले. "कागद तुझ्या घरचा आहे. तू वाच. अडलीस की ये."

मोडीविषयी आपल्या वर्गात थोडी भीती आहे, म्हणून अनुभव सांगते. ती भाषा नाही, लिपी आहे, भाषा आपलीच. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरांमागून अक्षरे लिहीत जातो, त्यामुळे अक्षरांना शेपट्या येतात आणि ती एकमेकांत अडकतात. ऱ्हस्व-दीर्घ यांचा भेद नाही, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, हे वाचून तो गेला. फार जुन्या कागदांत वर्षसुद्धा अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेले असते. खमस म्हणजे पाच, सीत म्हणजे सहा, सबा म्हणजे सात. माझ्या कागदात सुदैवाने शक होता. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे शाळेत मोडी शिकवीत असत. म्हणजे माझे आजोबा शाळेत गेले असते तर त्यांना ती वाचता आली असती. ते गेले नाहीत.

रोज रात्री जेवणे झाल्यावर मी बसत असे. पहिला आठवडा 'श्री' सोडून एक अक्षर लागले नाही. मग एकदा आकडे लागले, आणि आकड्यांमागून साल. शके १८०६, तारण नाम संवत्सर, कार्तिक महिना. इसवी सन १८८४. पुढे 'लिहून दिल्हे' लागले तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की वडील जागे झाले. ते घाटातून पहाटेच परतून झोपले होते. "काय गावला?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "दोन शब्द." ते म्हणाले, "बरा," आणि कूस बदलली.

तिसऱ्या आठवड्यात मामांच्या खापरपणजोबांचे नाव लागले. त्याच्यापुढचा शब्द मी तीनदा सोडून दिला, कारण मी 'कबुलायत' शोधत होते आणि तो कबुलायत होत नव्हता. शेवटी सरांकडे नेला. सरांनी बोट ठेवले आणि मलाच वाचायला सांगितले. कर्जरोखा.

पुढचे मग भरभर लागले. बैल घेण्यासाठी अठरा रुपये कर्जाऊ घेतले, व्याज अमुक, सुगीवर फेडीन, न फेडल्यास बैल सावकाराने न्यावा. खाली शेजारच्या गावातल्या दोन साक्षीदारांची नावे आणि लिहून देणाराच्या नावापुढे नांगराची निशाणी. त्याला लिहिता येत नव्हते, म्हणून नावाऐवजी नांगर काढलेला. जमिनीचा एक शब्दही त्या कागदात नाही.

सरांनी मला खुर्चीवर बसवले आणि त्या काळाविषयी सांगितले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेंगुर्ल्याहून पारपोलीच्या घाटाने बेळगावला जाणारी सडक झाली. त्याआधी फौजा आणि माल दक्षिणेकडच्या रामघाटाने जात. १८८० च्या दशकात वेस्ट्रॉप नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आंबोलीला थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवायला घेतले. बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ला बंदरात उतरे आणि बैलगाड्यांनी घाट चढे. म्हणजे १८८४ साली या माथ्यावर ज्याच्याजवळ बैल होता त्याला काम होते. पुढे १८८८ मध्ये मुरगावपासून घाटावर जाणारी रेल्वे सुरू झाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. आमच्या खापरपणजोबांचा बैल गाडीला होता की नांगराला, हे कागद सांगत नाही. माझे मन मात्र त्याला गाडीलाच जुंपते, कारण त्याच सडकेवर आज माझे वडील आहेत. इतिहासात मनाचे ऐकायचे नसते, असे सर म्हणतात. मी लेखात ऐकते आहे.

आता मामांना सांगायचे कसे? हा प्रश्न मला मोडीपेक्षा अवघड गेला. फोन करून सांगावे असे आधी वाटले. आई म्हणाली, सांगूच नको. वाचता येत नाही म्हण. तिचेही खरे होते. जमीन वाटपाचे कागद गोळा होत असताना गावातला जो तो आपल्याकडचे जुने चिटोरे जपून ठेवत होता, आणि मामांजवळ तेवढा एकच कागद. तो काढून घेतला तर त्यांच्या ट्रंकेत उरणार काय? पण मी तीन आठवडे ज्याच्यासाठी बसले होते ते वाचता आले नाही असे म्हणणे मला जमण्यासारखे नव्हते. नाताळच्या सुटीत रविवार धरून पुन्हा एस.टी.त बसले.

मामा अंगणात लाकडे फोडत होते. मामीने पेज वाढली. पेज संपेपर्यंत मी इकडचे तिकडचे बोलले. मग मी देवनागरीत उतरून घेतलेला कागद काढला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या साक्षीदारापर्यंत मोठ्याने वाचला. त्यांच्या खापरपणजोबांचे नाव आले तेव्हा मामांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे हो कागद आमच्या जमनीचो न्हय."

"न्हय, मामा."

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. भाऊ उठून बाहेर गेला. मामीने माझ्या पुढ्यातले ताट उचलले. मग मामांनी विचारले, "मगे ते अठरा रुपये? ते फेडल्यान काय नाय?"

हे मी सरांना विचारून ठेवले होते. तेव्हाची रीत अशी की, कर्ज फिटेपर्यंत रोखा सावकाराकडे राही आणि पैसे चुकते झाले की तो कोपऱ्यापासून फाडून कुळाच्या हातात परत देत. आमचा कागद सावकाराच्या घरी नव्हता, आमच्या ट्रंकेत होता. मी मामांना तसे सांगितले.

मामा आत गेले. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. त्यांनी कागद बाहेर आणला, उजेडात धरला आणि फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"आमका वाटी, उंदरान खाल्लो," ते म्हणाले.

मग त्यांनी मामीला हाक मारली आणि तिलाही ती कड दाखवली. मामीने हात पदराला पुसून कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि नांगर कुठे आहे ते मला विचारले. मी दाखवला. फडक्यात गुंडाळून तो पुन्हा दोन पिशव्यांत गेला, आणि माझी देवनागरीतली प्रत मामांनी त्याच्याबरोबर आत ठेवून घेतली.